रांगेत पुढे कोण

३ मार्च

छोट्या,

साऱ्या राज्याची फौज तुझ्या हाताखाली असेल, पण मी तुला छोट्याच म्हणणार. तुझं पत्र पोचलं. तब्येत बरी, हवा थंड, मंत्री मूर्ख. गेली कित्येक वर्षं तुझ्या पत्रात एवढंच असतं. या वेळी एक नवीन होतं. सगळ्या ओळी उजवीकडे वर चढत गेल्या आहेत आणि शेवटची तर कागदाबाहेर पडता पडता वाचली. घोड्यावर बसून लिहिलंस की काय?

आता कामाचं. माझा मुलगा रजेवर येऊन गेला. तो तुझ्याच फौजेत मेजर आहे हे तुला ठाऊक असेल, जरी मामा म्हणून तू त्याला कधी ओळख दाखवत नाहीस. त्याला नदीवरच्या चौकीवर टाकलंय, तुझ्या त्या जुन्या दोस्ताच्या, मिशाळच्या हाताखाली. पोरगा सांगत होता, कर्नलसाहेब चहा ओततात तो कपाच्या शेजारी. नकाशा उलटा धरतात आणि कुणी सरळ करून दिला तर त्याच्यावरच खवळतात. आम्ही दोघं पोट धरून हसलो. तो गेल्यावर मात्र मला हसू येईना. पलीकडच्या तीरावर शत्रू बसलाय, छोट्या. आणि अलीकडे ज्याच्या हुकमावर माझा एकुलता एक पोरगा पाण्यात उतरणार, त्याला समोरचा कप दिसत नाही.

आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आता मागते. मिशाळला तिथून हलव. ते जमत नसेल तर पोराला हलव.

तुझी ताई

(कडेला, अगदी बारीक अक्षरात: तुझे स्वतःचे डोळे बरे आहेत ना?)

११ मार्च

ताई,

वाकून नमस्कार, गुडघा परवानगी देतो तेवढाच.

अक्षराचं म्हणशील तर कचेरीत नवे टाक आलेत, मंत्र्याच्या पसंतीचे. त्याच्या हातून आलेली एकही वस्तू सरळ चालत नाही.

मिशाळला हलवता येणार नाही. जागा रिकामी झाली, रांगेत पुढचा तो होता, तो गेला. भाच्याला हलवावं तर चांगल्या बदलीसाठी त्याच्या आधीचे कितीतरी मेजर ताटकळत उभे आहेत. मामा सरसेनापती म्हणून त्याला उचलून सुखाच्या जागी ठेवला, तर उद्या मी कुठल्या तोंडानं रांग राखू? तू हे मागायला नको होतंस. नाही म्हणताना मला किती त्रास होतो हे तुला कळत नाही.

इथे डोक्याला वेगळाच ताप आहे. नव्या युद्धमंत्र्यानं फौज सुधारायला घेतली आहे. उभ्या जन्मात घोड्याला चारा घातला नाही आणि उंटावरून शेळ्या हाकतोय. बारा कलमं काढली आहेत. बढती परीक्षा घेऊन द्या. लाल कोट काढून मातकट कपडे घाला. हुकूम तारेनं पाठवा. मी त्याला म्हटलं, बाबा रे, मी तरुण असताना एका जनरलनं तंबूत बसून, दुसऱ्यानं आणलेल्या बातमीवर हुकूम दिला होता. त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत आमचीच माणसं पुरत होतो. म्हणून सरसेनापती झाल्यावर मी पहिला नियम हा लिहिला, की समोरचा मुलूख अधिकाऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि मगच हुकूम द्यायचा. दुसऱ्याच्या डोळ्यांवर फौज चालवायची नाही.

यावर तो गोड हसून म्हणाला, "नियम फार चांगला आहे, साहेब. म्हणूनच तर चौथं कलम घातलंय."

चौथं कलम काय, तर साठीपुढच्या प्रत्येक अधिकाऱ्यानं डॉक्टरसमोर उभं राहून भिंतीवरची अक्षरं वाचून दाखवायची. शाळकरी पोरांसारखी. ज्यांनी तोफांचा धूर खाल्लाय त्यांना हा भिंतीसमोर उभं करणार. मी खुर्चीत असेपर्यंत हे होत नसतं.

छोटा

२० मार्च

छोट्या,

मी विचारलं एक, तू सांगितलंस बारा.

रांगेचं मला शिकवू नकोस. ती जन्मली तेव्हा मी तिथेच होते. बाबा छावणीत घोड्यांना नाल ठोकायचे. तू कॅप्टन होतास, आणि बड्या घरची पोरं वशिल्यानं तुझ्या डोक्यावरून मेजर होत होती. बाबांनी ज्यांच्या घोड्यांना नाल ठोकले, तीच पोरं. तू घरी येऊन पायरीवर बसायचास आणि बूटसुद्धा काढायचा नाहीस. मग तू भांड भांड भांडलास आणि रांग आणलीस. ज्याची नोकरी आधीची त्याची बढती आधी, मग तो राजाचा जावई असो नाहीतर नालबंदाचा पोर. त्या दिवशी बाबा आयुष्यात पहिल्यांदा काम अर्धं टाकून घरी आले होते. आणि म्हातारे जनरल तुझ्याबद्दल काय म्हणत होते, आठवतं? "हा पोरगा फौज बुडवणार." आज तू त्यांच्याच खुर्चीत बसून त्यांचंच वाक्य म्हणतोयस.

औषध चांगलं होतं रे. पण दुखणं बदललं, आणि तू त्याच बाटलीतून घोट पाजतोयस.

अक्षरं वाचायला सांगितली तर वाचावीत की. हातच्या कांकणाला आरसा कशाला? ज्याला दिसतं तो दोन मिनिटांत वाचून बाहेर येईल. एवढं अंगाला का लावून घेतोस?

आणि मागच्या पत्रात मी कडेला एक ओळ लिहिली होती. तिचं उत्तर आलं नाही.

ताई

२ एप्रिल

ताई,

आनंदाची बातमी. महाराजांनी चौथं कलम वगळलं.

मी भर दरबारात उभा राहून बोललो. म्हटलं, महाराज, सैनिक अधिकाऱ्याच्या मागे जातो तो विश्वासावर. आज डोळे तपासाल, उद्या दात मोजाल, परवा आम्हाला घोड्यांच्या बाजारात उभं कराल. महाराज हसले, दरबार हसला. मंत्री तेवढा हसला नाही. कागद गोळा करता करता तो "बरं, साहेब" म्हणाला, तो सूर मात्र मला आवडला नाही. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

उरलेल्या कलमांशी झुंज चालूच आहे. रोज नवा कागद येतो. हल्ली मी कारकुनाला मोठ्यानं वाचायला लावतो, वेळ वाचतो. तुझी पत्रंही तोच वाचतो, तेव्हा बाबांचे नाल वगैरे जरा जपून लिहीत जा.

कडेची ओळ बघितली होती, घाईत उत्तर राहिलं. छप्पर गळतंय ना? माझा सुतार पाठवतो. काय हवं ते करून घे त्याच्याकडून.

छोटा

१९ एप्रिल

छपराचं राहू दे.

माझ्या मुलाला तुझ्या माणसांनी कोठडीत घातलंय. तुला आधीच कळलं असणार, आणि तू मला कळवलं नाहीस. त्याच्या पलटणीतला एक सुभेदार वाट वाकडी करून माझ्या दारी आला, म्हणून समजलं.

त्यानं सांगितलं ते असं. नदीचं पाणी उतरलं. मिशाळनं दुर्बीण डोळ्याला लावली आणि म्हणाला, "पलीकडे मोकळं आहे. उतरा." माझा पोरगा म्हणाला, "साहेब, झाडीत तोफा आहेत." मिशाळ म्हणाला, "मेजर, मी तुम्हाला विचारलं? स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच हुकूम द्यायचा." तुझाच नियम, शब्दाला शब्द. पुढची माणसं कमरेपर्यंत पाण्यात गेली. तेव्हा पोरानं घोडा आडवा घातला आणि सगळ्यांना मागे फिरवलं. कर्नल काठावरून ओरडत होता आणि पलटण मेजरचं ऐकत होती.

एक माणूस मेला नाही, छोट्या. सुभेदार सांगताना रडत होता. त्याचा धाकटा भाऊ पहिल्या ओळीत होता म्हणे.

याला तुझ्या फौजेत गुन्हा म्हणतात का? मी पत्रं लिहीत बसले, तू टाकाची कारणं सांगत बसलास. माझी चूक झाली. मी तेव्हाच येऊन तुझ्या कचेरीच्या पायरीवर बसायला हवं होतं.

२६ एप्रिल

ताई,

राग आवरून वाच.

शत्रूसमोर वरिष्ठाचा हुकूम मोडला. त्याला शिक्षा एकच आहे, आणि ती तुला माहीत आहे. सैनिकी न्यायालय पुढच्या महिन्यात बसेल. त्यांनी गोळीची शिक्षा दिली तर शेवटची सही माझी लागते. हे मी तुला लिहितोय, मी, यावर विश्वास बसत नाही.

तो म्हणतो झाडीत तोफा होत्या. दुसऱ्या दिवशी आपली माणसं पलीकडे गेली तेव्हा तिथे काही नव्हतं. शत्रू उठून गेला होता. चाकांच्या खुणा असतील तर त्या पावसात धुऊन गेल्या. सैनिकांनी पाहिलं म्हणावं तर ते मेजरचीच माणसं, त्यांची साक्ष कोण धरणार? माणसं मेली असती तर पुरावा मिळाला असता. मेली नाहीत, म्हणून पुरावा नाही. असा हा कायदा आहे, ताई. मी रोज त्यावर डोकं आपटतो.

मिशाळ शपथेवर सांगतो की तीर मोकळा दिसला. तो खोटं बोलणारा माणूस नाही. आणि त्याच्या नजरेवर शंका घ्यायला कायद्यात जागा नाही. अधिकाऱ्याची नजर चांगली आहे असंच धरून चालायचं असतं.

चौथं कलम असतं तर, असं लिहू नकोस. तू लिहिणारच म्हणून आधीच सांगतो.

छोटा

४ मे

छोट्या,

हे पत्र मी मुद्दाम एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिते आहे. एका पानावर चारच ओळी मावतात, मावू देत. कारकुनाला देऊ नकोस. दार लाव आणि तुझं तू वाच. लागेल तेवढा वेळ लागू दे.

पोराला भेटून आले. कोठडी स्वच्छ आहे, ब्लँकेट बरं आहे. तो मलाच समजावत होता. म्हणाला, मामावर चिडू नकोस, मामा रांग मोडणार नाही, मोडली तर तो मामा नाही. मी म्हटलं, तुझ्या मामाला मी तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखते. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, हे मला नवीन नाही.

तिथून मी मिशाळच्या घरी गेले. हो, गेले. भांडायलाच गेले होते. तो बाहेरच्या खोलीत बसला होता. मी दारात उभी राहिले तर म्हणाला, "कपडे आतल्या टोपलीत आहेत, घेऊन जा." धोबीण समजला मला. मी बोलले तेव्हा आवाजावरून ओळखलं, गडबडून उठला आणि स्टुलाला अडखळला. मला भांडताच येईना. म्हातारा रडला, छोट्या. म्हणाला, "मला खरंच मोकळं दिसलं हो. मला आता सगळंच मोकळं दिसतं." मी विचारलं, "मग कुणाला सांगितलं का नाहीत?" तर म्हणाला, "कुणाला सांगू? तुमच्या भावाला सगळं ठाऊक आहे. आम्ही दोघं एकाच डॉक्टरकडे जातो. एकाच बाकावर बसतो."

तेव्हा मला काही नवीन कळलं असं समजू नकोस. मी छपराबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. मी विचारलं होतं की तुझे डोळे बरे आहेत का. तू न वाचता छप्पर बांधायला निघालास तेव्हाच मी समजले. गप्प राहिले, कारण मला वाटलं तू स्वतः होऊन सांगशील. झाकली मूठ तुझी होती तोवर मी झाकू दिली. आता तिच्यात माझा पोरगा आहे.

मिशाळला दिसत नाही हे कोर्टात त्याचं त्याच्याकडून कबूल होणार नाही. तेवढं धैर्य त्याच्यात उरलेलं नाही. डॉक्टर रोग्यांची गुपितं कोर्टात सांगणार नाही. त्याच्याखेरीज जाणणारा एकच माणूस आहे.

ताई

९ मे

ताई

हे मीच लिहितोय. ओळीवर ओळ चढली असेल तर सोडवून घे.

वाचलं. अख्खी दुपार लागली. भिंग लावून एकेक अक्षर.

तू काय मागतेस ते तुला कळतं का? मिशाळला दिसत नाही हे मला कसं ठाऊक, असं कोर्ट विचारणार. मग सगळंच बाहेर येणार. दरबारात उभा राहून मी जे बोललो त्यावर सारं राज्य हसेल. मंत्री हसणारसुद्धा नाही, कीव करेल. नालबंदाच्या पोरानं ही खुर्ची मिळवली ती कुणाच्या मेहेरबानीनं नाही, एकेक पायरी उभा राहून. उतरलो तर मी कोण? अंधारात बसलेला एक म्हातारा. दिवसभर काय करू? फौजेशिवाय मला काहीही येत नाही. मी कधी दुसरं काही शिकलोच नाही.

सारखा राग येतो. मंत्र्याचा येतो, मिशाळचा येतो, तुझ्या पोराचा येतो की त्याला एवढं स्पष्ट का दिसलं. मग राग जातो आणि खाली भीती असते.

याचं उत्तर पाठवू नकोस.

२४ मे

ताई,

हे अक्षर ओळखलंस ना? तुझ्या मुलाचं आहे. मी सांगतो, तो लिहितो. ओळी सरळ येत असतील.

(आई, मी सुटलो. मामा म्हणतात, त्यांना क्रमानं सांगू दे, मध्ये लुडबुड करू नकोस.)

मी पूर्ण गणवेशात गेलो. लाल कोट, सगळी पदकं. तिघे न्यायाधीश, तिघंही माझ्याच रांगेतून वर आलेले. मी सांगितलं की कर्नलला पलीकडचा तीर दिसू शकत नाही. मुख्य न्यायाधीशानं विचारलं, सरसेनापतींना हे कसं ठाऊक? मी म्हटलं, आम्ही एकाच डॉक्टरच्या बाकावर बसतो. मग तो बिचारा घुटमळला. त्याला पुढचं विचारायचं नव्हतं. शेवटी त्यानं आरोपपत्र माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "एवढं वाचून दाखवता येईल, साहेब?"

कागद हातात घेतला. पांढरं काहीतरी होतं. मी म्हटलं, "नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हुकूम द्यायचा नाही, हा माझा नियम आहे, आणि मी तो रोज मोडतोय. मेजरनं कर्नलचा हुकूम मोडला. कर्नलनं माझा मोडला, आणि मी माझाच. रांगेत आरोपी म्हणून आधी मला घ्या."

मिशाळ मागे बसला होता. तो उठला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहायला निघाला. वाटेत बाकाला धडकला. कुणी हसलं नाही. मी हात पुढे केला, त्याला तो बराच वेळ सापडेना.

तुझा पोरगा सुटला. पण हुकूम मोडला तो मोडला. बढतीच्या रांगेत त्याला मी शेवटी टाकलं आहे. न्यायाधीश नको म्हणत होते, मी ऐकलं नाही.

(हे खरं आहे, आई. आणि सांगताना त्यांचा आवाज अगदी खुशीत होता.)

त्यानंतर मंत्र्यानं पुन्हा आणलेल्या चौथ्या कलमावर सही केली, आणि मग राजीनाम्यावर. कुठे करायची ते मंत्र्यानं माझं बोट धरून दाखवलं. उरलेल्या अकरा कलमांवर माझी सही त्याला जन्मात मिळायची नाही, असं तिथेच सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही राजीनामा दिलाय, आता तुमची सही लागत नाही." बघ, माणूस कसा आहे.

बंगला सोडायचा आहे. छावणीजवळ एक भाड्याची खोली बघितली आहे. तिथून सकाळचा बिगूल ऐकू येतो. तुझ्याकडे येऊन तुझ्या गळ्यात पडणार नाही. तुझंही वय झालं, तुझ्या मागे माझं आंधळेपण नको. हे ठरलं आहे, त्यावर वाद घालू नकोस.

छोटा

(आई, खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना अंधारा आहे. मी बोललो तर म्हणतात, मेजर, मी तुम्हाला विचारलं?)

३० मे

पोरा, हे मामाला मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

छोट्या,

तू माझा मुलगा मला परत दिलास. त्याबद्दल काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून लिहीत नाही. त्याला रांगेत शेवटी टाकलंस म्हणून दोन दिवस तुला शिव्या घातल्या, तेही लिहीत नाही.

आता खोलीचं. तू म्हणतोस ठरलं. कुणी ठरवलं? जन्मभर तू एकच गोष्ट सांगत आलास, की आधीचा तो आधी, आणि त्याचा हुकूम नंतरच्यानं मानायचा. त्यासाठी तू मंत्र्याशी भांडलास, माझ्याशी भांडलास, सख्ख्या भाच्याला कोठडीत ठेवलंस. तर मग ऐक. तू जन्मलास तेव्हा मी तुझा पाळणा हलवत होते. बाबा गेले, आई गेली. या घरात रांगेत पुढची मी आहे. माझ्या पुढे कुणी नाही, तेव्हा माझ्याविरुद्ध तक्रार कुठे नेणार?

शनिवारी गाडी येईल. तीत बसायचं. वाटलं तर सोबत मिशाळलाही आण, एकट्याला त्यालाही कप सापडणार नाही.

तुझा सुतार एप्रिलातच येऊन गेला. छपराला काही झालेलं नव्हतं. मी त्याच्याकडून मागच्या खोलीत, दारापासून खिडकीपर्यंत, हाताला लागेल असा कठडा बसवून घेतला. तेव्हापासून ती खोली मी रोज झाडून ठेवते.

तुझी ताई